जवारी, वायर आणि मागे घेतलेले एक वाक्य

१९९२ सालच्या गणेशोत्सवात आमच्या जवाहरनगरच्या वसाहतीत ऑर्केस्ट्रा झाला. मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्याचा वृत्तान्त मी लिहिला. वय बावीस, वाचन बऱ्यापैकी, आणि आपल्याला संगीतातले कळते असा दृढ समज. त्या वृत्तान्तात एक वाक्य होते : ‘गायकांनी बहार आणली, परंतु इलेक्ट्रिक गिटारच्या कोंदट व कर्कश वादनाने वारंवार रसभंग झाला.’ संगीतावर छापून आलेले माझे ते पहिले वाक्य. त्यानंतरच्या महिन्यात त्या गिटारवादकाने वाद्य विकून टाकले. तो माझा वर्गमित्र होता.

तेहतीस वर्षांनंतर मला ते वाक्य मागे घ्यायचे आहे. ‘चुकलो’ एवढे म्हणून ते काम उरकता आले असते. पण चूक नेमकी कुठे झाली हे शोधू लागलो, तेव्हा ती माझ्या एकट्याची नाही असे दिसले. रंगमंचावरच्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज कशाकशाने घडतो, याचा विचार आपल्या संगीतविषयक लेखनात जवळजवळ झालेलाच नाही. आवाज वाईट लागला की आपण वादकाकडे बोट दाखवतो किंवा वाद्यालाच परके ठरवतो. या दोन्ही निवाड्यांना आधार कितपत आहे, हे तपासण्यासाठी हा लेख.

माझा अधिकार सांगायचा तर तो दुकानाचा आहे. आयुष्यभर मी मांडववाल्यांची मशीन, रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त केले. संगीतशास्त्र आणि ध्वनिशास्त्र जेवढे जमेल तेवढे पुस्तकांतून शिकलो.

ती रात्र

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना भंडाऱ्याच्या अलीकडे आयुध निर्माणीची ही वसाहत लागते. साठच्या दशकात कारखाना आला आणि त्याबरोबर देशभरातली माणसे क्वार्टरांमध्ये राहायला आली. आमच्या रांगेत बंगाली, तमिळ, पंजाबी, तेलुगू अशी बिऱ्हाडे होती. एका बंगाली काकांकडे हवाईयन गिटार होती. संध्याकाळी ते मांडीवर आडवी ठेवून वाजवत आणि आम्ही पोरे कुंपणावर बसून ऐकत असू. माझ्या मित्राला गिटारचे वेड लागले ते तिथे. पुढे नागपूरहून त्याने जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. ॲम्प्लिफायर घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मी त्याला आमच्या घरचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दिला. त्या रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी खाच असे. तिच्यात गिटारची वायर घातली की आवाज येई, आणि काय आवाज येई! जाडसर, ऊबदार, जोरात छेडले तर किंचित फुटणारा आणि त्या फुटण्यातच गोड लागणारा. दोन वर्षे तो त्या रेडिओवर रियाज करत होता.

कार्यक्रमाच्या रात्री माझ्याकडे मशीन सांभाळण्याचे काम होते. मित्र रेडिओ उचलून घेऊन आला, तेव्हा मीच म्हणालो, ‘एवढा डबा मांडवाला पुरणार आहे काय बे? सरळ मशीनमध्येच लाव.’ मशीनच्या एका खाचेत मध्यंतराच्या गाण्यांसाठी कॅसेट प्लेअर जोडलेला होता. म्हणून मी गिटारची वायर माइकच्या खाचेत खुपसली. तिथून आवाज गेला खांबांवर बांधलेल्या चार कर्ण्यांत. पहिल्याच गाण्यात मित्राने वळून माझ्याकडे पाहिले. ‘काहून बे, गिटार मेली काय?’ असे त्याचे ओठ हलले. मी आवाज वाढवला, आणि तो अधिकच बिघडला. रात्रभर तो त्या मेलेल्या गिटारशी झुंजत राहिला. दुसऱ्या दिवशी मी वृत्तान्त लिहायला बसलो आणि कानांनी जे ऐकले होते ते प्रामाणिकपणे लिहिले. कान खोटे बोलत नव्हते. पण ते काय ऐकत होते, हे मला ठाऊक नव्हते.

आवाजासाठी आपल्याकडे शब्द आहेत

मराठी कानाला नादाच्या जातीची पारख नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात त्याने माणसाच्या आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक असे प्रकार लावले, आवाजाचे गुण आणि दोष वेगवेगळे नोंदवले. रोजच्या बोलण्यातही आपण खणखणीत, घोगरा, भसाडा, चिरका, किनरा, पिचका, गहिरा असे बारीक भेद सहज करतो. वाद्यांसाठी आस, घुमारा, झंकार हे शब्द आहेत. वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक १९६१ साली आले. घराण्यांमधला फरक केवळ रागांच्या किंवा बंदिशींच्या याद्यांवरून ठरत नाही, स्वर कसा लावला जातो यावरही ठरतो, हे वाचकाला अशा लेखनानेच शिकवले.

म्हणजे शब्दभांडार आहे, परंपरा आहे. तरी इलेक्ट्रिक गिटार समोर आली की हे सारे बाजूला पडते आणि ‘कर्कश’, ‘गोंगाट’ असे दोन-तीन शब्द उरतात. वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांवरील वृत्तान्तांत ‘गिटारवर अमुक यांनी साथ केली’ याच्यापुढे गोष्ट जात नाही. दुसऱ्या टोकाला आजच्या तरुण वादकांच्या गप्पा ऐका. तिथे कोणती गिटार, कोणत्या कंपनीची, किती हजारांची, याचीच चर्चा. त्यांच्यातला एखादा जाणता मग ठासून सांगतो, ‘सगळे बोटांत असते!’ माझ्या मते हे तिन्ही दृष्टिकोन अपुरे आहेत, आणि तिघांचीही चूक एकच आहे. ते आवाजाला एका जागी शोधतात : पहिला परक्या संस्कृतीत, दुसरा वस्तूत, तिसरा शरीरात. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज अशा एका जागी सापडत नाही. बोटापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत एक साखळी असते आणि तिची प्रत्येक कडी आवाज बदलते.

सतारीचे किंवा सारंगीचे तसे नसते. तिथे नाद वाद्याच्या पोटातूनच येतो. इलेक्ट्रिक गिटारचे पोट तिच्या बाहेर असते. ते वायरच्या दुसऱ्या टोकाला असते. म्हणून वायर काढलेली गिटार म्हणजे अर्धेच वाद्य.

आपल्या कानावर ती पहिल्यांदा कशी पडली

या वाद्याचा इतिहासही ‘परका गोंगाट’ या समजुतीला फारसा आधार देत नाही. जॉर्ज बोशाँ यांनी १९३१ च्या सुमारास विद्युत-चुंबकीय पिकअप तयार केला आणि रिकनबॅकर कंपनीने त्यावरून जी पहिली वाद्ये बाजारात आणली, त्यांतले ‘फ्राइंग पॅन’ नावाने गाजलेले वाद्य हवाईयन पद्धतीचे होते, मांडीवर आडवे ठेवून पोलादी दांडीने वाजवायचे. म्हणजे इलेक्ट्रिक गिटार जन्मली तीच मींड घेणारी.

भारतात ती रुजली तीही याच रूपात. व्हॅन शिपले यांची ओळख भारतातले पहिले इलेक्ट्रिक गिटारवादक अशी करून दिली जाते. चित्रपटगीतांच्या त्यांनी वाजवलेल्या धुना घरोघरी गेल्या. हजारा सिंग यांच्या हवाईयन गिटारनेही तेच केले. ब्रिजभूषण काब्रा यांनी तर रागसंगीतात गिटारला जागा मिळवून दिली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. तेव्हा आपल्या कानाने गिटारला परके मानले नव्हते. तिचा फुटणारा, गुरगुरणारा आवाज मात्र मानवला नाही. आणि खरा प्रश्न तिथेच आहे, कारण ते ‘फुटणे’ आपल्याला अनोळखी असायचे काही कारण नव्हते. पण आधी साखळीच्या कड्या पाहू.

साखळी

पहिली कडी बोट आणि नखी. तार जिथे छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वराची गाठ पडते तो उपस्वर मुळातच उठत नाही. म्हणून घोडीजवळ छेडले तर आवाज टोकदार येतो, तारेच्या मध्याकडे छेडले तर गोल. पिकअपच्या जागेलाही हाच न्याय. घोडीजवळचा पिकअप तीक्ष्ण ऐकतो, मानेजवळचा मऊ. ‘सगळे बोटांत असते’ म्हणणाऱ्याचे इथपर्यंत बरोबर आहे. जुनी, घामाने गंजलेली तार वरचे उपस्वर गमावून बसते, हे कुठल्याही तंतुवादकाला ठाऊक असते.

दुसरी कडी पिकअप. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत सूक्ष्म वीज निर्माण होते. नेहमीच्या एकेरी वेटोळ्याच्या पिकअपचा इंडक्टन्स अडीच हेन्रीच्या आसपास असतो, आणि या आकड्यात पुढची सारी गंमत आहे.

तिसरी कडी वायर. लोक तिला नळीसारखी समजतात, एकीकडून घातले ते दुसरीकडून बाहेर. पण कवच असलेल्या वायरला आपली धारणशक्ती असते, साधारणपणे मीटरमागे १०० पिकोफॅरॅड. पिकअपचा इंडक्टन्स आणि वायरची ही धारणशक्ती मिळून आवाजात एक उंचवटा तयार करतात. त्या ठिकाणचे उपस्वर उठून येतात आणि त्यापुढचे मावळतात. वर दिलेल्या आकड्यांवर गणित केले तर ६ मीटर वायरीला हा उंचवटा ४१०० हर्ट्झच्या आसपास येतो, १५ मीटर वायरीला २६०० च्या आसपास. घरी लहान वायरीवर चमकणारी गिटार मोठ्या मंचावर लांब वायर लावताच वेगळी बोलू लागते. गिटार तीच, बोटे तीच.

चौथी कडी म्हणजे वायर जिथे घुसते ती खाच, आणि माझा गुन्हा घडला तो इथे. गिटारचा पिकअप फार अशक्त असतो. त्याच्याकडून वीज ओढून घेतली की तो वरचे स्वर सोडतो. म्हणून गिटारच्या ॲम्प्लिफायरची खाच जवळजवळ काहीच ओढत नाही. तिचा अवरोध १० लाख ओहम ठेवलेला असतो. जुन्या रेडिओतली ग्रामोफोनची खाचही लाखांतलीच. माझ्या हातातल्या मशीनची माइकची खाच होती काही हजार ओहमांची, कारण माइकला तेवढी पुरते. पुष्कळ वर्षांनी तसेच मशीन दुरुस्तीला आले, तेव्हा मी कागदावर हिशेब मांडला. पावणेपाच हजार ओहमांच्या खाचेत अडीच हेन्रीचा पिकअप लावला, तर सुमारे ७०० हर्ट्झच्या वरचे सगळे गळू लागते. गिटारची चमक, नखीचा टणत्कार, शब्दांत जशी व्यंजने तसे जे काही असते ते याच्या वरच असते. ते गेले. म्हणून आवाज ‘कोंदट’.

आणि ‘कर्कश’ का? माइक काही मिलिव्होल्ट देतो, गिटार त्याच्या कितीतरी पट. त्या खाचेला एवढ्या ताकदीची सवय नव्हती, म्हणून आत ट्रान्झिस्टरने लाटांची डोकी सपाट छाटली. त्यात कर्ण्यांची भर. कर्णा माणसाचे बोलणे लांबवर नेण्यासाठी बनवलेला असतो, सुमारे ३०० हर्ट्झच्या खालचे तो जवळपास टाकूनच देतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. वरचे खाचेने खाल्ले, खालचे कर्ण्याने, आणि मध्ये जे उरले ते छाटलेले. नाक दाबून ओरडणाऱ्या माणसाचा आवाज. माझ्या वाक्यातली दोन्ही विशेषणे अचूक होती. फक्त ती ‘वादना’ला लावली होती, लावायला हवी होती मला.

पाचवी कडी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर. गिटारसाठी वापरला जाणारा १२ इंची स्पीकर ५००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो. संगणकाच्या भाषेत हा दोष, गिटारच्या बाबतीत हा संस्कार, कारण फुटलेल्या आवाजातली वरची किरकिर तो गाळून घेतो. हाच स्पीकर समोरच्या दिशेला तीक्ष्ण आणि बाजूला मऊ ऐकू येतो. मंचावर तो बहुतेक वादकाच्या पोटऱ्यांच्या उंचीवर असतो. वादकाला बोथट ऐकू येते म्हणून तो तीक्ष्णता वाढवतो, आणि समोर पहिल्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाच्या कानात सुरी जाते. असा कार्यक्रम ऐकून ‘वादकाला तारतम्य नाही’ असे लिहिणारा समीक्षक खुर्चीची जागा नोंदवत नाही, तोवर त्याची नोंद अपुरी आहे.

फुटणे आणि जवारी

आता त्या फुटण्याकडे वळू. ॲम्प्लिफायरवर त्याच्या ताकदीबाहेर ओझे टाकले की तो लाट जशीच्या तशी मोठी करू शकत नाही. तिचा आकार बदलतो आणि मुळात नसलेले उपस्वर जन्माला येतात. व्हॉल्व्हमध्ये हा बदल हळूहळू होतो, म्हणून हलके छेडले तर आवाज स्वच्छ, जोरात छेडले तर खरखरीत. वादक बोटांच्या दाबाने त्या सीमारेषेवर खेळू शकतो. गेल्या शतकाच्या मध्यावर काही वादकांना हा ‘दोष’ इतका आवडला, की १९६४ च्या सुमारास डेव्ह डेव्हिस या तरुण इंग्रज गिटारवादकाने आपल्या स्पीकरचा कागद ब्लेडने कापून तो मुद्दाम मिळवला.

साध्या स्वरावर उपस्वरांचे दाट झाड उभे करणे, आवाजाला खर देऊन त्याची आस लांबवणे, ही कल्पना मराठी कानाला नवी आहे काय? मिरजेच्या सतारमेकर मंडळींनी दीडशेहून अधिक वर्षे याच कामावर हात बसवला आहे. तंबोऱ्याची घोडी सपाट दिसते, पण तिला अगदी अल्प बाक असतो. तार तिला स्पर्श करत थरथरते आणि खाली सरकवलेल्या दोऱ्याने तो स्पर्श नेमका केला की जवारी उघडते. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणेवर निबंध लिहिला. छेडण्याच्या जागी ज्या उपस्वराची गाठ असते तो उठू नये, असे शास्त्र सांगते. पण या वाद्यांत तोही ठणठणीत ऐकू येतो, आणि याचे कारण घोडीची रचना आहे, हे त्यांनी दाखवले. तार आणि घोडी यांच्या त्या चोरट्या स्पर्शामुळे लाट जशीच्या तशी राहत नाही, नवे उपस्वर भरले जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा खऱ्या अर्थाने गौरव झाला तो या कारागिरीचा.

तंबोऱ्यात हे काम लाकूड, हाड आणि दोरा करतो. गिटारमध्ये ते वीज करते. यंत्रणा वेगळी, पण दोन्हीकडे साध्या स्वराला मुद्दाम वाकवून समृद्ध केले जाते. खुली जवारी आणि बंद जवारी यांत जो फरक गवई करतात, तोच फरक गिटारवादक एका खुंटीने करतो. म्हणून त्या फुटण्यासाठी मी यापुढे ‘गोंगाट’ऐवजी ‘विजेची जवारी’ असे म्हणेन.

हे साम्य आणखी एक पाऊल पुढे जाते. फुटणाऱ्या ॲम्प्लिफायरमधून दोन स्वर एकदम गेले तर त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी असलेले नवे स्वरही उमटतात. षड्ज-गांधार घेतले तर ही पिल्ले गढूळ गर्दी करतात. षड्ज-पंचम घेतले तर मात्र ती शिस्तीत बसतात. ११० हर्ट्झचा षड्ज आणि १६५ चा पंचम यांची वजाबाकी ५५, म्हणजे त्याच षड्जाचा खालचा सप्तक. न वाजवलेला खर्ज आपोआप घुमतो. रॉक संगीतातल्या गिटारवादकांनी षड्ज-पंचमाची जोडी का धरून ठेवली, त्याचे कारण हे आहे. तंबोरा पंचम-षड्जात लावून त्यातून आपोआप उमटणारा गंधार कान देऊन ऐकणारी आपली परंपरा; तिला हे समजायला जड जाऊ नये. आपण ते जड मानले, कारण ऐकण्याआधी नाव ठेवले होते.

मांडव, थंडी आणि जनरेटर

साखळीची शेवटची कडी म्हणजे जागा, आणि जागेचे मोल आमच्या भागाइतके कुठे कळावे? धान निघाले की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचे केंद्र. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत मांडव पडतात आणि नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या नाटकांत संगीत जागेवर वाजते. मशीन दुरुस्तीसाठी अशा अनेक रात्री मी मांडवाच्या कडेला काढल्या आहेत, आणि आवाज जागेप्रमाणे कसा बदलतो ते तिथेच शिकलो.

कापडी मांडवात भिंती नसतात, त्यामुळे आवाज परतून येत नाही. बंद सभागृहात जे घुमणे फुकट मिळते ते इथे नाही, म्हणून आवाज कोरडा पडतो. रिकाम्या सभागृहात सायंकाळी लावून ठेवलेला आवाज प्रेक्षक भरल्यावर बदलतो, कारण माणसे आणि त्यांचे कपडे वरचे स्वर शोषून घेतात. थंडीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा पोलादी तार आखडून स्वर चढतो, मग हाताच्या ऊबेने उतरतो. चांगला वादक दर दोन गाण्यांनंतर खुंट्या पिळतो, आणि प्रेक्षक म्हणतात, ‘वाजवतो कमी, पिळतो जास्त.’ आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मांडवाच्या शेवटी ३४ मीटरवर बसलेल्याला नखी तारेवर पडल्यानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाने स्वर ऐकू येतो. ताल चुकल्यासारखा वाटतो, पण चुकलेला नसतो.

वीज हीदेखील जागेचाच भाग. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. एकेरी वेटोळ्याचा पिकअप जवळपासच्या दिव्यांच्या माळा, पंखे आणि वायरी यांच्यातून तो गुणगुणाट उचलतो. पाश्चात्त्य ‘जी’ स्वराहून किंचित चढा असा तो अखंड सूर, नको असलेला तंबोराच. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट वेटोळी जोडून हा गुणगुणाट मारणारा पिकअप बनवला. तो ज्याला परवडला नाही, त्याच्या गिटारसोबत मांडवाची वीजही वाजते. जनरेटरला नीट अर्थिंग नसेल तर मग बघायलाच नको.

आणि आवाजाची पातळी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि फार वरचे स्वर कमी ऐकू येतात, मोठ्या आवाजात ते पुढे येतात. खोलीत बसून मनासारखा लावलेला आवाज मंचावर तसाच ठेवून मोठा केला तरी तो तसा राहत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र आखण्याची सोय केली. मुंबईत धोबी तलावाजवळचे रंगभवन हे रॉक संगीताचे खुले घर होते. ते अशाच शांतता क्षेत्रात आले आणि तिथले कार्यक्रम थांबले. नियमाशी माझे भांडण नाही. रुग्णाची झोप कोणत्याही गिटारपेक्षा मोठी. पण त्याचा संगीतावर झालेला परिणाम नोंदवायला हवा. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जोरात चालवल्याशिवाय त्याची जवारी उघडत नाही. मोठ्या आवाजाची जागा गेली, तशी त्या नादाची एक जातही दुर्मीळ झाली. आज वादक छोट्या डिजिटल पेटीत त्या नादाची नक्कल घेऊन येतो आणि कानात बोंडे घालून वाजवतो. मंच शांत असतो. ही नक्कल कित्येकदा उत्तम असते. पण स्पीकरचा आवाज तारेवर आदळून तारेला पुन्हा जागवतो, स्वर मरायला नकार देतो, ती वादक, वाद्य आणि जागा यांच्यातली देवघेव शांत मंचावर घडत नाही. आणि आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रात तर आता गिटार बऱ्याचदा पेनड्राइव्हमधून येते.

समीक्षकाने काय विचारावे

यावरून माझी मागणी साधी आहे. गिटारवर लिहिताना समीक्षकाने तंत्रज्ञ व्हावे असे नाही. गवयावर लिहिताना तो घशाचा डॉक्टर होत नाही. पण तंबोरा लागला होता की नाही, हे तो ऐकतो. तसे इथे चार गोष्टी पाहाव्यात : वायर कुठे जाते, आवाज कुठल्या स्पीकरमधून येतो, मी कुठे बसलो आहे, आणि जागा कशी आहे. एवढे पाहिल्यावर जे उरते ते वादकाचे. त्याच्यावर मग निःसंकोच लिहावे. वाईट वाजवणारेही असतातच. साखळीच्या नावाखाली त्यांना सवलत देण्याचा माझा हेतू नाही. मात्र हा हिशेब न करता दिलेला निवाडा हा सुनावणीशिवाय दिलेला निवाडा ठरतो.

मी तसाच दिला होता. कागदावरचा हिशेब जमल्यावर पुष्कळ वर्षे मी मित्राला तो सांगितला नाही. लाज वाटत होती. गेल्या हिवाळ्यात सांगितला. तो आता निवृत्तीला आला आहे, बोटे जाड झाली आहेत. ओहम आणि हेन्रीचे त्याला काही पडले नव्हते. त्याने एकच विचारले, ‘म्हणजे रेडिओतून वाजत होतं, ते खरं होतं?’ मी म्हटले, हो. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘तीस वर्षं झाली बे. आधी सांगायचं ना.’ वाजवायला त्याने नकार दिला, आणि मीही आग्रह केला नाही.

स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघत नाही, म्हणून दुरुस्ती इथे देतो. १९९२ च्या त्या रात्री गिटार कोंदट व कर्कश ऐकू आली, कारण ती चुकीच्या खाचेत लावली होती, आणि लावणारा मी होतो. वादकाने दोन तास स्वर सोडला नाही, ताल सोडला नाही, आणि मंचही सोडला नाही. रसभंगासंबंधीचे माझे वाक्य मी मागे घेत आहे.